जुन्या पुण्याला स्वतःची नगरपालिका परत मिळावी का?

पेठकर
महात्मा फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेत सदस्य होते. पुढे टिळक निवडून गेले, गोखले आणि न. चिं. केळकर तर अध्यक्षच झाले. ती नगरपालिका म्हणजे पेठांचं पुणं. 15 फेब्रुवारी 1950 ला महापालिका झाली आणि हद्द फुगत गेली. 2017 ला 11 गावं, 2021 ला आणखी 23. पसारा पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेला.

माझं स्पष्ट मत आहे, पेठांना वेगळी नगरपालिका परत द्या. आमच्या बोळात ड्रेनेजचं चेंबर तुंबलं की जेटिंगची मोठी गाडी पाठवतात. ती कोपऱ्यावरच अडते, उलटी मागे जाते आणि तक्रार 'निकाली' निघते. वाड्यांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या, एक पाडली की शेजारची उघडी पडते. बालेवाडीच्या रुंद रस्त्यांना लावायचा हिशोब इथे, पेठांतल्या बोळांत, चालत नाही.

खराडीकर
पेठकर, चेंबरचं दुखणं खरं आहे. पण पैसा कुठून आणणार? बांधकाम परवानग्यांचं मोठं शुल्क खराडी, बाणेरसारख्या उपनगरांकडून येतं. तुमच्याकडे कितीतरी वाड्यांत भाडेकरू जुन्याच भाड्यावर, त्यामुळे करही किरकोळ. जकात 2013 ला गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, 2017 ला गेला. आता शासनाच्या जीएसटी अनुदानाकडे डोळे लावायचे. आणि वाड्यांचे नियम? 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंत्रालयातून आली. उद्या तुमचा नगराध्यक्ष बसला तरी तीच लागू राहणार.

सिंहगड रोड
तुमचा हक्क 1950 ला गेला म्हणता, आमचा 2021 ला गेला. मी किरकटवाडीचा. जूनअखेर ग्रामपंचायत संपली, मार्च 2022 ला महापालिकेचीही मुदत संपून प्रशासक आले. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ ना सरपंच, ना नगरसेवक. जानेवारी 2025 ला आमच्या पट्ट्यात जीबीएसचे (मज्जातंतूंच्या, हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे) रुग्ण निघाले तेव्हा सगळ्यांनी आमच्याजवळच्या नांदेड गावच्या विहिरीकडे बोट दाखवलं. तिचं पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता, नुसतं क्लोरीन टाकून नळाला येत होतं. पूर्वी अशा वेळी सरपंचाच्या ओट्यावर माणसं जमायची. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांना 2024 मध्ये महापालिकेतून वगळून वेगळी नगरपरिषद मिळाली. आधी आमचा विचार व्हायला हवा.

पेठकर
तुम्ही तर माझाच मुद्दा मांडलात! फुरसुंगीला जमतं तर कसबा पेठेला का नाही? पैशाचं म्हणाल तर लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई, रविवार पेठेतले घाऊक व्यापारी, सगळी उलाढाल पेठांतच आहे. सगळ्या शहराची गर्दी आम्ही झेलतो, कचरा आम्ही झेलतो, पार्किंगचा त्रास आमच्या दारात. त्याचा मोबदला मागितला तर चुकलं कुठे?

पूर्व भाग
'पेठा' म्हणताना भवानी पेठ धरलीत का? कासेवाडी, लोहियानगरच्या वस्त्या? दर वेळी पेठांची चर्चा वाडे आणि गणपतीपाशीच थांबते. आमच्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहतात आणि सार्वजनिक संडासाच्या दाराला कडी नसते. फुल्यांचं नाव घेतलंत म्हणून आठवण देते. मंडईच्या इमारतीवर लाखो रुपये घालण्याला त्यांचाच विरोध होता, तो पैसा शिक्षणावर खर्चा म्हणाले. वेगळी नगरपालिका झाली तर पहिला रुपया कुठे जाणार ते आधी सांगा, मग मी पाठिंबा देते.

खराडीकर
ताई, पटलं. हद्द कापण्यापेक्षा प्रभाग समितीला स्वतःचं अंदाजपत्रक द्या. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद 2009 पासून राज्याच्या कायद्यात आहे, ती तरी वापरा.

पेठकर
ताई, पहिला रुपया कासेवाडीच्या संडासांना, मला मान्य आहे. खराडीकर, क्षेत्रसभेकडे ना तिजोरी, ना एक शिपाई. नेमणूक आणि खर्च आयुक्तांच्या हातात, आयुक्त नेमणार शासन. पेठांना स्वतःचा मुख्याधिकारी आणि त्याला जाब विचारणारी निवडून आलेली सभा हवी. त्याहून कमी काही मला चालणार नाही.