मदत हवी आहे: रामकुंडावर काढलेला एका मुलाचा फोटो प्रदर्शनात द्यावा का?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा. रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन गोदाघाटावर जायचं हा माझा सात-आठ वर्षांचा नेम. मार्चमधल्या अशाच एका रविवारी काढलेल्या फोटोबद्दल विचारायचं आहे. ३१ जुलैच्या आत निर्णय घ्यायचाय आणि घरात, मित्रांत विचारून माझा गोंधळ वाढलाच आहे.

रामकुंडाच्या पायऱ्यांवर एका कुटुंबाचा दहावा चालू होता. दहा-अकरा वर्षांचा मुलगा पायरीवर बसलेला, न्हावी त्याचे केस उतरवत होता. बहुतेक वडील गेले असावेत, कारण विधीला तोच बसला होता. मागे मामा किंवा काका असतील, त्यांचे दोन्ही हात पोराच्या खांद्यांवर. अर्धं डोकं झालेलं. ओल्या केसांचे पुंजके मानेवरून घसरून उघड्या पाठीला चिकटले होते, आणि थंडीनं त्याच्या दंडावर काटा आला होता.

मी जेमतेम आठ फुटांवर होतो. पहिला फोटो काढला तेव्हा तो खाली बघत होता. शटरचा आवाज त्याला ऐकू गेला असावा. त्यानं मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हता. नुसता बघत होता. त्या क्षणी कॅमेरा खाली घ्यायला हवा होता हे मला कळत होतं, आणि तरीही मी पुन्हा बटण दाबलं.

चांगला आलाय तो हा दुसरा फोटो.

१९ ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनाला, आमच्या ग्रुपचं प्रदर्शन आहे. तिथल्या ज्येष्ठांना हाच फोटो हवाय. मी तो फक्त ग्रुपवर दाखवला होता, पण एकानं न विचारता स्टेटसला ठेवला. सांगितल्यावर काढला, पण तोवर शंभरेक जणांनी बघून झाला होता. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. नाशिक काही फार मोठं गाव नाही. त्याच्या वर्गातल्या कुणाच्या वडिलांनी पाहिला असेल तर?

'घाट सार्वजनिक आहे, कायद्यानं काही अडचण नाही,' असं बहुतेकांचं म्हणणं. सार्वजनिक जागी फोटो काढणं हा आपल्याकडे मुळात गुन्हा नाही, हे मलाही माहीत आहे. न्यूयॉर्कमध्ये एका छायाचित्रकारानं रस्त्यावरच्या माणसांचे त्यांच्या नकळत फोटो काढले होते. त्यातल्या एका धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थानं दावा लावला आणि २००६ मध्ये कोर्टानं 'ही कला आहे' म्हणून तो फेटाळला. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत अधिकार म्हटलं, तेव्हा त्या निकालात हेही आलं की माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही. शिवाय तो मुलगा तिथे फिरायला आला नव्हता. दहावा घरात करत नाहीत, नदीवरच करतात. त्याला दुसरी जागाच नव्हती. काशीला मणिकर्णिकेवर चितेसमोर कॅमेरा काढला तर आजूबाजूची माणसं हटकतात. रामकुंडावर मला कुणी हटकलं नाही, पण म्हणून मला परवानगी होती असं होत नाही ना?

दुसरा सल्ला म्हणजे चेहरा धूसर कर. पण त्या फोटोत त्याचे डोळेच आहेत, ते पुसले तर देण्यासारखं काही उरत नाही. ब्लॅक अँड व्हाइट करून मुलाला काय फरक पडणार, तेही मला कळलेलं नाही.

'अस्वस्थ करणाऱ्या फोटोंनीच जग हलतं' हा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. मे २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन पुलाजवळ फोनवर बोलताना रडणाऱ्या मजुराचा फोटो आठवत असेल. पीटीआय वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार अतुल यादव थांबले, त्याला बिस्किटं-पाणी दिलं, काय झालंय ते विचारलं. मुलगा अत्यवस्थ होता, तो पुढे वारलाच, आणि बापाला बिहारला पोचता येत नव्हतं. फोटो छापून आल्यावर त्याला मदत मिळाली. तो फोटो काढायलाच हवा होता. याउलट १९३६ चा डोरोथिया लँग यांचा 'मायग्रंट मदर'. कॅलिफोर्नियात मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावरची ती आई. लँग यांनी तिचं नावही विचारलं नव्हतं. फोटो छापल्यावर तळावर अन्न पोचलं, पण तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलेलं. चाळीसेक वर्षांनी, १९७८ मध्ये, त्या बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, म्हणाल्या की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. त्यांच्या मुलीनंही पुढे सांगितलं की आम्हाला त्या फोटोची लाज वाटायची.

माझ्या फोटोनं त्या मुलाचं काय भलं होणार आहे? मी खूप विचार केला, मला एकही गोष्ट सापडली नाही. प्रदर्शनाला येणारे क्षणभर थबकतील, मला शाबासकी मिळेल. दुःख त्याचं, शाबासकी मला.

माझ्या वडिलांचा दहावा २०१६ मध्ये याच घाटावर झाला. मी तेव्हा चाळिशीचा. पिंडाला कावळा शिवेना, सगळे वर बघत उभे, आणि माझ्या ओल्या डोक्यावर ऊन लागत होतं. त्या वेळी कुणी कॅमेरा रोखला असता तर मी काय केलं असतं? अंगावर धावून गेलो असतो. त्या मुलाला ते करता आलं नाही. त्यानं फक्त पाहिलं.

आता नेमकी मदत कशात हवी ते सांगतो. घाटावरच्या गुरुजींकडे यजमानांच्या वंशावळींच्या वह्या असतात, तारीख माझ्याकडे आहे. विचारलं तर ते कुटुंब सापडू शकेल. जाऊन त्याच्या आईला फोटो दाखवावा, 'नको' म्हणाल्या तर तिथेच पुसून टाकावा, असं एक मन म्हणतं. पण चार महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईच्या दारात अनोळखी माणसानं हा फोटो घेऊन उभं राहायचं, हे आणखी वाईट नाही का? त्या संकोचानं 'हो' म्हणाल्या तर ते 'हो' धरायचं का? आणि मुलाला कोण विचारणार?

भर (दोन दिवसांनी): सगळ्यांचे आभार. प्रदर्शनाला फोटो देत नाही, तसं ग्रुपला कळवलं. ग्रुपवरचा काढला, ज्यांनी उतरवून घेतला होता त्यांना फोन करून पुसायला लावला. पण माझ्याकडची मूळ फाइल पुसायला हात धजत नाही. त्यांच्या घरी त्या दिवसाचा एकही फोटो नसणार. वर्षश्राद्धानंतर गुरुजींमार्फत निरोप पाठवावा, की असा असा फोटो आहे, हवा असल्यास देतो, नको असल्यास नष्ट करतो, असं मनात आहे. तुमच्यापैकी कुणी लहानपणी असं बसलेलं असेल तर कृपया सांगा: तुम्हाला तो निरोप यायला हवा होता का?