मदत हवी आहे: मांजर पोट चाटून चाटून केस घालवतेय, खाऊची अ‍ॅलर्जी असेल का?

मनीमाऊ_डोंबिवली

मांजर देशी, मादी, साडेतीन वर्षांची, नसबंदी झालेली, वजन ३.८ किलो. फ्लॅटबाहेर जात नाही. दोन-अडीच महिन्यांपासून पोट आणि मागच्या मांड्यांची आतली बाजू सारखी चाटते, तिथले केस पूर्ण गेलेत. कातडी किंचित गुलाबी, पण जखम, खपली, पू काही नाही. भूक, शी-शू, खेळणं ठीक. महिन्यातून दोन-तीनदा उलटी होते.

खाणं: चिकनचं ड्राय फूड दोन वेळा, संध्याकाळी ट्यूनाची क्रीमी ट्यूब, रविवारी उकडलेल्या बांगड्याचा तुकडा. घरात एक बोकाही आहे, त्याला काहीच त्रास नाही.

डॉक्टरांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, तीन आठवडे छान गेले, मग पुन्हा तेच. आता "टेन्शनमुळे असेल" म्हणतात. माझे प्रश्न:

१. नुसता खाऊ बंद करून कळेल का?
२. रक्ताची अ‍ॅलर्जी टेस्ट करावी का? बरीच महाग आहे.
३. ग्रेन-फ्री खाणं सुरू केलं तर फरक पडेल का?

खरखरीत_जीभ

आधी तिन्ही प्रश्नांची उत्तरं: नाही, नको, बहुधा नाही. आता कारणं.

नुसता खाऊ बंद करून कळत नाही, कारण संशय ज्या प्रथिनांवर आहे तीच रोजच्या ताटलीत आहेत. मांजरांमध्ये अन्नाची अ‍ॅलर्जी सर्वांत जास्त आढळते ती बीफ, मासे आणि चिकनची. ट्यूब बंद केली तरी ड्राय फूडमधलं चिकन चालूच राहणार. शिवाय पाकिटावर 'ट्यूना' किंवा 'सामन' लिहिलेलं असतं ती बऱ्याचदा फक्त चव असते. मागची बारीक अक्षरं वाचा: चिकन, चिकन लिव्हर, पोल्ट्री फॅट, अ‍ॅनिमल डायजेस्ट (चवीसाठी घातलेला प्राणिजन्य अर्क) यांपैकी काहीतरी सापडतंच. 'मांस व प्राणिजन्य घटक' असं मोघम लिहिलं असेल तर त्यात काय आहे हे सांगताच येत नाही, असं पाकीट सरळ बाजूला ठेवा.

रक्त, लाळ किंवा केसांवरून केलेल्या चाचण्या अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी भरवशाच्या नाहीत. निरोगी मांजरातही पॉझिटिव्ह येतात आणि आजारी मांजरात निगेटिव्ह. ते पैसे ट्रायलच्या (काही आठवडे फक्त एकच ठरावीक खाणं देऊन बघायच्या) खाण्यावर खर्च करा.

ग्रेन-फ्री म्हणजे गहू, मका, तांदूळ नाही, एवढंच. चिकन त्यातही असतंच. मांजरांमध्ये धान्याची अ‍ॅलर्जी होत नाही असं नाही, पण मांसाच्या मानाने फार कमी.

'टेन्शन' हा निष्कर्ष सगळं तपासून झाल्यावर काढायचा असतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक कारणाचा संशय असलेल्या २१ मांजरांची नीट तपासणी केली, तेव्हा १६ मांजरांना शारीरिक कारण सापडलं. निव्वळ मानसिक फक्त दोन निघाली. त्यात इंजेक्शनने तुमचं मांजर तीन आठवडे शांत झालं, म्हणजे खाज असण्याची शक्यता मोठी आहे.

पशुवैद्य_सातारा

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण अन्नाकडे जाण्याआधी तीन गोष्टी संपवा.

पहिली, पिसवा. "घरातच असते, पिसवा नाहीत" हे वाक्य रोज ऐकतो. पिसवा बोक्यावरून, पाहुण्यांच्या कुत्र्यावरून, जिन्यातून घरात येतात, आणि अ‍ॅलर्जी असलेलं मांजर इतकं चाटतं की पिसू गिळून टाकतं, त्यामुळे अंगावर दिसत नाही. उवांची बारीक फणी घ्या, कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत फिरवा, निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. दोन मिनिटांत भोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग नाही आला तरी दोन्ही मांजरांना मांजरांसाठीचं स्पॉट-ऑन (कातडीवर थेंब टाकायचं पिसवांचं औषध) महिन्यातून एकदा असं सलग तीन महिने लावा. कोशातल्या पिसवा आठवडेच्या आठवडे तग धरतात, म्हणून एका डोसवर थांबून चालत नाही. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला अजिबात लावू नका, झटके येऊन जीव जातो.

दुसरी, केसांची टोकं. चिमट्याने पाच-दहा केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. टोकं तुटलेली असतील तर चाटून गेलेत, निमुळती असतील तर केस आपोआप गळताहेत आणि तपासाची दिशाच बदलते. त्याच वेळी कातडी खरवडून माइट्स (कातडीवरचे सूक्ष्म किडे) आणि बुरशी बघून घ्या.

तिसरी, लघवी. फक्त खालचं पोट चाटत असेल तर मूत्राशयाचं दुखणंही असू शकतं. लघवीची तपासणी आणि एक सोनोग्राफी पुरेशी आहे. (हा धागा वाचणाऱ्या बोकेवाल्यांसाठी: बोका शी-शूच्या वाळूत वारंवार बसतोय आणि थेंबही येत नाहीये तर सकाळपर्यंत थांबू नका, तासाभरात दवाखाना गाठा.)

मनीमाऊ_डोंबिवली

फणी फिरवली, डाग नाही आला. स्पॉट-ऑन दोघांना लावते. बाकीच्या तपासण्या या आठवड्यात करून घेते. त्यात काही नाही निघालं तर ट्रायल नेमकी कशी करायची? आणि तोवर टक्कल पडलेल्या जागी खोबरेल तेल लावू का?

खरखरीत_जीभ

तेल नको. ती तेही चाटणार, म्हणजे चाटायला आणखी एक कारण. डेटॉल, टी ट्री ऑइल तर दूरच ठेवा, आणि लादी पुसायला फिनेल वापरत असाल तर तेही बंद करा. फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट निचरा करता येत नाहीत, आणि पोटावर केस नसलेलं मांजर त्याच लादीवर पसरतं.

ट्रायलसाठी दोन रस्ते आहेत.

सोपा रस्ता म्हणजे हायड्रोलाइज्ड खाणं. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर सहसा त्यांना ओळखत नाही. रॉयल कॅनिनचं हायपोअ‍ॅलर्जेनिक सोयाच्या प्रथिनावर आहे, हिल्सचं झेड/डी चिकन लिव्हरवर. चिकनचाच संशय असल्याने मी आधी सोयावालं बघेन. डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. दुकानातली 'लिमिटेड इन्ग्रेडियंट' पाकिटं ट्रायलला चालत नाहीत, एकाच यंत्रावर सगळे प्रकार बनतात आणि लेबलवर नसलेलं मांस त्यात येतं.

दुसरा रस्ता घरी शिजवण्याचा: आयुष्यात कधीच न खाल्लेलं एकच मांस. आपल्याकडे बकऱ्याचं मटण बहुतेक मांजरांना नवीन असतं. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. पण नुसत्या मटणात कॅल्शियम नसतं, आणि उकडताना टॉरिन (मांसातलं, मांजराला अत्यावश्यक असलेलं पोषकद्रव्य) पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं की हृदय आणि डोळे दोन्ही जातात. म्हणून हा रस्ता डॉक्टरांकडून पूरक मात्रा लिहून घेतल्याशिवाय नको.

बदल सात-आठ दिवसांत करा: दोन दिवस पाव भाग नवीन, मग अर्धं, मग पाऊण, मग पूर्ण. "भूक लागली की खाईल" हे मांजराला लागू नाही. २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, दोन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठायला लागते. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून दिलं तर वास सुटतो आणि बरीच मांजरं खातात.

पूर्ण नवीन खाणं सुरू झालं तो पहिला दिवस. तिथून आठ आठवडे. कमी दिवसांत सोडलं तर काहीच ठरत नाही.

सुकटवाली_काकू

घरातल्या माणसांची यादी आधी करा. ट्रायल मोडते ती बहुतेक माणसांमुळे. कुणी दुधाची साय देतं, कुणी जवळा, कामवाल्या मावशी प्रेमाने बोंबलाचं डोकं टाकतात. चवीची जंताची गोळी, पोटात होणाऱ्या केसांच्या गोळ्यांसाठीची माल्ट पेस्ट, फिश ऑइल, मांजराची टूथपेस्ट, जिलेटिनची कॅप्सूल, सगळं या काळात बंद किंवा डॉक्टरांना विचारून बिनचवीचं. फ्रिजवर कागद लावा आणि प्रत्येकाला सांगा.

बोक्याची ताटली हा दुसरा मोठा घोळ. दिवसभर खाणं उघडं ठेवू नका. दोघांना वेगळ्या खोलीत वीस मिनिटं, मग ताटल्या उचलून धुवायच्या. ते जमत नसेल तर बोक्यालाही तेच खाणं द्या, त्याला अपाय नाही.

मनीमाऊ_डोंबिवली

काकू, यादी करायला बसले आणि पहिलं नाव सासूबाईंचं आलं. त्यांना संध्याकाळी तिला काहीतरी हातून भरवायचंच असतं. काय देऊ द्यावं?

सुकटवाली_काकू

त्यांचा आनंद काढून घेऊ नका. ट्रायलच्याच खाण्यातून खाऊ काढा. ३.८ किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला अंदाजे २०० कॅलरी लागतात, म्हणजे ड्राय फूड साधारण ५० ग्रॅम, नेमका आकडा पाकिटावर बघा. सकाळीच वजन करून त्यातले ५ ग्रॅम वेगळ्या डबीत काढा आणि डबी सासूबाईंना द्या. एकेक दाणा लपवून, फेकून, हातावर, कसाही द्यावा. ट्रायल संपल्यावरही खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका.

पशुवैद्य_सातारा

दोन गोष्टींची भर. ट्रायल चालू असताना लांब पल्ल्याचं स्टिरॉइड इंजेक्शन परत घेऊ नका, फरक खाण्याने पडला की औषधाने हे कळणार नाही. खाज असह्य असेल तर तोंडावाटे प्रेडनिसोलोन (कमी वेळ टिकणारं स्टिरॉइड) सुरुवातीचे थोडे दिवस, डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. ते बंद केल्यावर किमान दोन आठवडे नुसत्या खाण्यावर गेले पाहिजेत, तरच निकाल धरा.

फरक पडला की लोक तिथेच थांबतात. तसं करू नका. जुनं चिकनचं ड्राय फूड पुन्हा द्या. अ‍ॅलर्जी असेल तर चाटणं सहसा दोन आठवड्यांच्या आत परततं, काहींना दोन-तीन दिवसांतच. परतलं की लगेच ट्रायलच्या खाण्यावर जा, शांत होऊ द्या, मग एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे: आधी नुसतं उकडलेलं चिकन, मग ट्यूना, मग बांगडा. कोणता खाऊ चालतो याची तुमची स्वतःची यादी त्यातूनच तयार होईल. जुनं खाणं देऊनही काही झालं नाही, तर सुधारणा पिसवांच्या औषधाची असेल. आणि आठ आठवड्यांत काहीच फरक नसेल तर अन्न बाद करून धूळ, परागकण यांच्या अ‍ॅलर्जीकडे वळायचं, त्यावर सायक्लोस्पोरिनसारखी औषधं आहेत.

मनीमाऊ_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं: फरक पडतोय हे केसांवरून ओळखायचं का?

खरखरीत_जीभ

केसांवरून नको, ते मागून येतात, पूर्ण भरायला दोन-तीन महिने लागू शकतात. चाटण्यावर लक्ष ठेवा. बरीच मांजरं माणसांसमोर चाटत नाहीत, म्हणून रात्री जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात पोटाचा फोटो. पोटावरून बोट उलटं फिरवा: खुंटासारखं टोचलं तर अजून चाटतेय, मऊ लव लागली तर थांबलीय.