रेंडर केल्यावर कापलेले तुकडे परत येतात – उपाय सुचवा

भिक्षावळ४०:
मुंजीचा ४० मिनिटांचा व्हिडिओ. डाव्हिंची रिझॉल्व्ह (एडिटिंग सॉफ्टवेअर, फुकटवालं), विंडोज, १६ जीबी रॅम, टाइमलाइन (क्लिपा ओळीने लावायची पट्टी) सेकंदाला २५ फ्रेमची. दोन कॅमेरे, एक फोन. प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या नकला) केल्यात. खर्च शून्य, फार तर ५०० रुपये. रेंडर करून (शेवटची फाइल काढून) बघितलं की:
१) जिथे क्रॉस डिझॉल्व्ह (एक क्लिप विरत दुसरी उमटते तो) लावलाय तिथे कॅमेरा जमिनीकडे वळतानाचा भाग झळकतो. तो मी कापलाय.
२) व्हिडिओत १२:४० मिनिटांना भिक्षावळीच्या जागी काका आणि केटररची हुज्जत, ६ सेकंद, आवाजासकट. ती क्लिप टाइमलाइनवर नाहीच! एडिटरमध्ये तिथे भिक्षावळच दिसते.
३) पेनड्राइव्हवरून टीव्हीवर लावला की सुरुवातीला २ सेकंद जास्तीचे. लॅपटॉपवर नाहीत.

रॅमराम:
१६ जीबीत रिझॉल्व्ह रडणारच. ३२ करा आणि कॅशसाठी (तयार करून साठवलेल्या चित्रांसाठी) वेगळी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) टाका. माझ्याकडे दोन्ही आहे, असला प्रकार एकदाही नाही.

कटकटे:
५०० रुपयांत ३२ जीबी कुठे मिळते तेही सांगा. 😀
आधी कॅश उडवा. प्लेबॅक मेनू, डिलीट रेंडर कॅश, ऑल. मग डिलिव्हर (रेंडरच्या) पानावर व्हिडिओ टॅबमध्ये खाली ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा. 'यूज रेंडर कॅश्ड इमेजेस'वर टिक असेल तर काढा. 'यूज प्रॉक्सी मीडिया'चीही काढा, नाहीतर रेंडर प्रॉक्सीवरूनच होतो आणि चित्र मऊ येतं.

भिक्षावळ४०:
केलं. टिका नव्हत्याच. काका जागेवर आहेत.

धावती_फ्रेम:
फोनचं फुटेज आहे म्हणजे व्हेरिएबल फ्रेमरेट (व्हीएफआर, सेकंदाच्या फ्रेम कमीजास्त होत राहतात), दुसरं काही असूच शकत नाही. मीडियाइन्फोमध्ये (फाइलीची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) 'फ्रेम रेट मोड' बघा. व्हेरिएबल असेल तर हँडब्रेकमधून (फाइल नव्याने बनवणारं सॉफ्टवेअर) काढा: कॉन्स्टंट फ्रेमरेट, आरएफ (दर्जाचा आकडा) १८. प्रीसेटवर भरवसा नको, 'फास्ट १०८०पी३०'मध्ये पीक फ्रेमरेट (वरची मर्यादा ठरलेला व्हेरिएबलच) असतो, तो हाताने बदलावा लागतो.

कटकटे:
व्हीएफआरने ओठ आणि आवाज सुटे होतील, कापाच्या जागी एखाददुसरी फ्रेम सरकेल. ६ सेकंदांचे काका कसे येतील?

धावती_फ्रेम:
येतात.

प्रॉक्सीपंत:
ही तीन वेगळी दुखणी आहेत. एका गोळीने जाणार नाहीत.

पहिलं. हे टाइमलाइनवरही दिसत असणार, वेगात निसटतंय. डिझॉल्व्हवर प्लेहेड (टाइमलाइनवरची उभी रेघ) ठेवा आणि उजव्या बाणाने एकेक फ्रेम पुढे जा. रिझॉल्व्हमध्ये काप म्हणजे फक्त झाकण, मागचं फुटेज तिथेच असतं. १ सेकंदाचा डिझॉल्व्ह कापाच्या मधोमध बसवला की आधीच्या क्लिपच्या कापलेल्या शेपटातून आणि पुढच्या क्लिपच्या कापलेल्या सुरुवातीतून साधारण १२-१२ फ्रेम उचलतो. तुमचं शेपूट म्हणजे जमीन. ट्रान्झिशन (म्हणजे डिझॉल्व्ह) निवडून इन्स्पेक्टरमध्ये अलाइनमेंट 'एंड ऑन एडिट' (कापापाशी संपणारा) करा, मग शेपूट वापरलं जात नाही. मात्र पुढच्या क्लिपच्या कापलेल्या सुरुवातीतल्या पूर्ण २५ फ्रेम लागतात, तिथे कचरा नाही ना ते बघा. असेल तर डिझॉल्व्ह काढा, दोन्ही क्लिपा १५ फ्रेम आणखी आत कापा, आणि मग परत लावा.

दुसरं. दोन कॅमेऱ्यांच्या फाइलींची नावं सारखी आहेत का? आणि मध्ये फोल्डर हलवून रीलिंक (क्लिपांना फाइलींची नवी जागा दाखवणं) केलं होतं का?

स्टुडिओकर:
मी रिझॉल्व्हचं विकतचं 'स्टुडिओ' घेतलं, २९५ डॉलर, एकदाच. पुढचे अपडेट आजवर फुकटच मिळालेत. विचार करा.

केडेनप्रेमी:
केडेनलाइव्ह घ्या, दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर, तेही फुकट.

कटकटे:
४० मिनिटं परत कापायची? आणि प्रॉक्सी तिथेही असतात. बाकी ट्रान्झिशनचं पंत म्हणतात तेच. ट्रान्झिशनला कापाच्या मागचं फुटेज लागतं.

भिक्षावळ४०:
@प्रॉक्सीपंत, दोन्ही कार्डांवर DSC_००१२ आहे. गेल्या आठवड्यात सगळं बाहेरच्या डिस्कवर हलवलं आणि रीलिंकला वरचा फोल्डर दाखवला.

प्रॉक्सीपंत:
मग सापडलं. एडिटर तुम्हाला जुनी प्रॉक्सी दाखवतोय, ती भिक्षावळीची आहे. रेंडर मूळ फाइल घेतो, आणि रीलिंकने त्याच नावाची दुसऱ्या कार्डावरची फाइल पकडली. फाइलींत टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची नोंदलेली वेळ) नसला की रिझॉल्व्ह सगळ्यांना ००:०० पासून धरतो, म्हणून त्याला फरक कळला नाही. खात्री करायला प्लेबॅक मेनूत प्रॉक्सी हँडलिंग 'प्रिफर कॅमेरा ओरिजिनल्स' करा आणि १२:४० ला जा. काका एडिटरमध्येच दिसतील.
इलाज: एक्सप्लोररमध्ये एका कार्डाच्या सगळ्या फाइलींच्या नावाआधी 'ब_' लावा. मीडिया पूलमध्ये (रिझॉल्व्हमधली क्लिपांची यादी) त्या कार्डाच्या क्लिपा निवडून रीलिंक करा, फक्त त्याच कार्डाचा फोल्डर दाखवा. मग दुसऱ्याच्या. नावं बदलल्यावर रीलिंक अडलं तर त्या क्लिपेवर राइट क्लिक करून मूळ फाइल बदलायच्या पर्यायाने फाइल बोटाने दाखवा. सारख्या नावांची सगळी जोडपी तपासा, काका एकटे नसतील.

तिसरं. रेंडर झाल्यावर सुरुवात कशाने कापली?

भिक्षावळ४०:
दिसले! 😳 DSC_००१९ पण उलटी होती, मातृभोजनाच्या जागी पार्किंग.
सुरुवात लॉसलेसकटने (नव्याने रेंडर न करता कापणारं सॉफ्टवेअर) कापली, परत रेंडरला दीड तास लागतो म्हणून.

प्रॉक्सीपंत:
तेच. एन्कोड न करता कापलं की फाइल मागच्या कीफ्रेमपासूनच (पूर्ण चित्र साठवलेली फ्रेम) सुरू होते. 'इथून दाखव' एवढी सूचना एमपी४ मध्ये लिहिली जाते, तिला एडिट लिस्ट म्हणतात. लॅपटॉपचा प्लेअर ती पाळतो, बरेच टीव्ही पाळत नाहीत. रिझॉल्व्हमध्येच हव्या जागी आय (सुरुवात) आणि ओ (शेवट) दाबा, डिलिव्हरमध्ये 'इन/आउट रेंज' ठेवा. तो दीड तास द्यावाच लागेल.

धावती_फ्रेम:
तरी फोनच्या क्लिपा हँडब्रेकमधून काढाच.

भिक्षावळ४०:
सगळ्यांचे आभार. शेवटी असं केलं: डिझॉल्व्ह सगळेच काढून टाकले, साधे काप बरे दिसतात. रीलिंकच्या नादी लागलो नाही, १२:४० ला आणि मातृभोजनाला वर दुसऱ्या ट्रॅकवर फोटो ठेवले, खालचा आवाज बंद करून मंगलाष्टकांचा टाकला. सुरुवातीचे २ सेकंद तसेच राहू देत, टीव्ही लागेपर्यंत कोण बघतंय.

प्रॉक्सीपंत:
नंतर कधी भिक्षावळीचा तुकडा वेगळा काढून कोणाला पाठवायचा झाला तर आत काकाच निघतील, एवढं लक्षात असू द्या.

रॅमराम:
मी अजूनही म्हणतो, एसएसडी.