टिनमधला आमरस कळकला, डब्याच्या आतल्या थराबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, रामबागेतून. पाहुणे येणार म्हणून सियागंजातून आमरसाचे 850 ग्रॅमचे दोन टिन आणले, वेगवेगळ्या कंपन्यांचे. एक संपला, दुसऱ्यातला अर्धा उरला तो मी टिनसकटच फ्रिजमध्ये ठेवून दिला. दोन दिवसांनी सासूबाईंनी वाटीभर घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हा कळकलाय." चाखून बघितलं तर खरंच, जिभेवर लोखंडासारखी चव, आणि आत रस होता तिथवरचा पत्रा करडा पडलेला, वरचा मात्र चकचकीत.

सासूबाईंचं म्हणणं, पितळेची कल्हई गेली की आंबट कळकतं हे ठीक, पण याला तर आतून कल्हईच असते ना? तसं बघितलं तर असतेच, पोलादी पत्र्यावर कथलाचा पातळ थर, 1810 मध्ये इंग्लंडात पीटर ड्युरंडने पेटंट घेतलं त्यातही कथिलाच्या पत्र्याचे डबे होतेच. मी वाचलं ते असं की बंद डब्यात हवा जवळजवळ नसते म्हणून कथील अगदी हळू विरघळतं, उघडून हवा लागली की आंबट पदार्थात भराभर उतरायला लागतं, म्हणून उरलेलं लगेच काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात काढायचं. हे मला आधी माहीत असायला हवं होतं, 74 वर्षांच्या बाईंना मी ते खाऊ दिलं याचं फार वाईट वाटतंय. त्यांचं पोट ठीक आहे, उरलेला रस टाकून दिला. डबाबंद पदार्थात कथलाची मर्यादा किलोला 250 मिलिग्रॅम आहे, पण एका वाटीत किती गेलं असेल ते घरी कसं कळणार? डॉक्टरांना दाखवावं का?

दुसरं म्हणजे, संपलेला टिन आतून सोनेरी होता, म्हणजे लॅकर (वॉर्निशसारखा लेप) मारलेला, आणि कळकलेला साधा पांढरा. बाहेरून दोन्ही सारखेच, तशाच गोल वळ्या, तसंच शिवण घातल्यासारखं दुमडलेलं झाकण. काही फळांसाठी मुद्दाम साधा पत्रा ठेवतात, रंग फिका राहतो म्हणे, पण मग दुकानात उभं राहून कोणता घ्यायचा ते कसं ओळखायचं? लेबलवर काही लिहिलेलं असतं का? कोणी डबे बनवायच्या किंवा फळं पॅक करायच्या कामात असेल तर प्लीज सांगा.

आणि सोनेरी टिन धुऊन ठेवलाय, सासूबाईंना त्यात चिंच भरायचीय, कटरने कापलेल्या कडेशी लॅकर निघालेलं दिसतंय, भरू देऊ का?