‘स्ट्रिंगीबार्क’ला मराठी शब्द हवा का?

शब्दओढ: ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या गिप्सलँड भागातली एक कथा मराठीत आणतेय. पहिल्याच पानावर ‘स्ट्रिंगीबार्क’ची झाडं, निलगिरीचाच एक प्रकार. मी ‘काथ्यासाल’ लिहिलंय. नुसतं ‘निलगिरी’ लिहिलं तर आपल्याला रस्त्याकडेचे गुळगुळीत, पांढुरके बुंधे आठवतात. त्यांची साल सोलून गळते. स्ट्रिंगीबार्कची साल गळत नाही. जाड, धागेदार, वर्षानुवर्षं खोडाला धरून राहते. वाचकाला हे झाड दिसायलाच हवं.

डोंगरवाट: माझा विरोध. मी मेलबर्नला राहतो, दांडेनाँगच्या डोंगरात ही झाडं नेहमी बघतो. सालीत बोट रुतवलं की वरचा करडा थर सुटतो आणि आत तांबूस धागे दिसतात. पण इथले लोक झाडं सालीवरूनच ओळखतात: गम, बॉक्स, आयर्नबार्क, स्ट्रिंगीबार्क. एकाचं मराठी केलंत की ‘लोखंडसाल’ही आलीच. आणि २६ ऑक्टोबर १८७८ ला नेड केली या दरोडेखोराच्या टोळीनं जिथे तीन पोलिसांना मारलं, त्या स्ट्रिंगीबार्क क्रीकला काय ‘काथ्यासाल ओढा’ म्हणणार?

शब्दओढ: गावाचं नाव वेगळं, झाडाचं वेगळं. वडगावचं भाषांतर कुणी करत नाही, म्हणून वडाचंही करायचं नाही का? आणि ‘लोखंडसाल’ मला तरी आवडला.

रानपाखरू: आधी हे ठरवा की कोणतं स्ट्रिंगीबार्क. ही एक जात नव्हे. गिप्सलँडमधलं बहुधा मेसमेट असेल, म्हणजे युकॅलिप्टस ऑब्लिका. युकॅलिप्टस वंशातली शास्त्रीय नाव मिळालेली पहिली जात हीच. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये मात्र युकॅलिप्टस टेट्रोडोन्टा. तिथले आदिवासी, योल्ङू लोक, त्याला गडायका म्हणतात. पावसाळ्यात साल ओली असताना सोलतात, वरचा धागेदार भाग तासून टाकतात, आतला पत्रा आगीवर शेकून, वजनाखाली सपाट करून त्यावर चित्रं काढतात. तिथे धागा फेकून दिला जातो! त्या झाडाला ‘काथ्यासाल’ म्हणणं मला पटत नाही.

शब्दओढ: कथा दक्षिणेतली आहे, झोपडीचं छप्परही सालीचंच. पण हा मुद्दा मानला. अजून एक अडचण: पुढे एका म्हाताऱ्यालाच ‘स्ट्रिंगीबार्क’ म्हटलंय.

डोंगरवाट: तो अर्थ वेगळा. रानातला, शहरी वळण न लागलेला माणूस. तिथे सरळ ‘रांगडा’ लिहा. हेच मी म्हणतोय, की एका शब्दानं सगळीकडे भागणार नाही.

घाटमाथा: काथ्या नारळाच्या सोडणाचा, सालीचा नव्हे. आमच्याकडे आपट्याच्या, केवणीच्या सालीचा वाख काढून दोर वळतात. ‘वाखसाल’ म्हणा, अस्सल आहे.

शब्दओढ: वाख सुंदर शब्द आहे, पण तो ऐकून शहरातल्या किती जणांना काही दिसेल? शिवाय कथेत वणवा आहे. ही साल पेट घेते, जळते तुकडे वाऱ्यावर उडून पुढे पडतात आणि तिथे नवी आग लागते. पानाच्या टपरीवर विडी पेटवायला काथ्याची दोरी टांगलेली असते ना, तासन्‌तास धुमसणारी? ती ज्यानं पाहिलीय त्याला हा वणवा समजावून सांगावा लागणार नाही. झाडाला मी ‘काथ्यासाल’च ठेवतेय. म्हातारा रांगडा. आणि पहिल्या उल्लेखाला ‘स्ट्रिंगीबार्क, म्हणजे काथ्यासाल निलगिरी’ असं लिहीन.

डोंगरवाट: पहिल्या उल्लेखापुरतं ठीक. पुढे मी स्ट्रिंगीबार्कच ठेवलं असतं.