अपडेटनंतर एकाच पदाच्या सहा नोंदींची एक झाली, अण्णांची टिपणं परत कशी आणू?

गावभागची लेक (सांगली), बुधवार रात्री

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय घोटाळा कळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

घरातली गाणी, नाटकं, सीडी यांच्या नोंदी ठेवायला मी आपलं हे ॲप चार वर्षं लॅपटॉपवर वापरते आहे. काल रात्री अपडेट आलं. बदलांच्या यादीत वर नेहमीचं ‘त्रुटी दुरुस्त, काही सुधारणा’ आणि खाली पाच-सहा ओळी. त्यातल्या दोन वाचून मला फार आनंद झाला. एक, मराठी शोध सुधारला. आधी ‘कऱ्हाड’ असं टाकलं की अकरापैकी चारच कॅसेटी सापडायच्या. काल सगळ्या अकरा आल्या, मी अण्णांना लगेच हाक मारून दाखवल्या. दुसरी, वर्षाच्या रकान्यात १९००च्या आधीचं साल आता चालतं. ‘सौभद्र’ १८८२ चं, ‘शारदा’ १८९९ चं, आणि ॲप म्हणायचं चुकीचं वर्ष! सांगलीतच १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, आणि आम्हालाच साल लिहिता येईना. हे दुरुस्त केल्याबद्दल करणाऱ्यांचे मनापासून आभार.

तिसरी ओळ मात्र मी घाईत वाचली. ‘दुहेरी नोंदी आपोआप एकत्र होतील.’ मला वाटलं, चुकून दोनदा कॉपी झालेल्या फायली असतील. सकाळी बघते तर ‘शारदा’मधल्या एका पदाच्या माझ्याकडे सहा नोंदी होत्या, तिथं एकच उरली. गायक म्हणून पहिल्या फायलीतलं नाव. बाकी पाच गायक नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘टिपण’ या रकान्यात अण्णांनी सांगितलेलं जे लिहिलं होतं तेही नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात होते, आता वय ८३. जिथं बदली तिथं टेपरेकॉर्डर सोबत. उत्सवातली गाणी, मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला होणाऱ्या मैफली, आकाशवाणी सांगलीवरची नाट्यगीतं, शेजारच्या वाड्यातल्या मंगळागौरीसुद्धा. एकूण २१२ कॅसेटी आणि त्यांची एक वही. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५), तेव्हा आम्ही अण्णांना आणि आईला घेऊन विश्रामबागला मावशीकडे गेलो. कपाटाचा वरचा खण पाण्यात जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. परत आलो तर वहीचा लगदा झालेला. कॅसेटी आम्ही स्वच्छ पाण्यात खंगाळल्या, पंख्याखाली सावलीत वाळवल्या, ज्यांना स्क्रू होते त्यांची फीत दुसऱ्या डबीत घातली. १३८ वाचल्या. त्या मी लॅपटॉपवर घेतल्या.

वही गेली म्हणून अण्णा आता ऐकून सांगतात. रोज रात्री जेवण झालं की अर्धा तास. ‘हा आवाज अमक्यांचा. पेटीवर कोण ते दुसऱ्या अंतऱ्यात कळेल. हे इचलकरंजीला घेतलं, मागं पावसाचा आवाज आहे बघ.’ मी तसंच्या तसं टिपणात लिहिते. चार वर्षांचं काम आहे हे, आणि पुन्हा विचारलं तर सगळं त्यांना आठवेलच असं नाही. मागच्या हिवाळ्यापासून ऐकायलाही कमी येतंय.

तर प्रश्न दोन. एकत्र झालेल्या नोंदी सुट्या करता येतात का? आणि ॲप ‘लायब्ररी पुन्हा स्कॅन करा’ म्हणतंय, ते बटण दाबू का नको? तूर्त हात लावलेला नाही.

सदाशिव पेठेतून सातारा, बुधवार रात्री

ताई, आधी हे करा: बटण दाबू नका. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, म्हणजे ॲप नेटवरून नवी माहिती ओढून जुन्यावर लिहिणार नाही. सेटिंगमध्ये ‘नोंदी आपोआप एकत्र करा’ बंद करा.

मग ॲप बाजूला ठेवून गाण्यांचं फोल्डर उघडा. फायली सहाच्या सहा आहेत का बघा. फायली असतील तर गाणी शाबूत आहेत, फक्त नोंदी गेल्यात. हे कळलं की पुढचं बोलू.

गावभागची लेक (सांगली), बुधवार रात्री

लगेच बघितलं. सहाही फायली आहेत! एक लावूनही बघितली, वाजते. जीव भांड्यात पडला.

पण टिपणं फायलीत नाहीत, ती फक्त ॲपमध्येच लिहायची मी. आणि मोजलं तर असं एकत्र झालेलं एक पद नाही, ४१ आहेत.

मिरजेचा भोपळा, गुरुवार पहाटे

ताई, मी मिरजेचा, तंतुवाद्यांच्या दुकानात बसतो, रात्री हाच उद्योग करतो. तुमचा घोटाळा कशातून झाला ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या अपडेटला परत तेच होईल.

हे ॲप सिनेमाची गाणी डोळ्यांपुढे ठेवून केलंय. सिनेमात गाण्याचं नाव आणि सिनेमाचं नाव जुळलं की गाणं तेच. नाट्यसंगीतात तसं नाही. पद एक, नाटक एक, आणि गाणारी माणसं शंभर वर्षांत किती! तुम्ही गाण्याच्या नावात पद आणि अल्बमच्या रकान्यात नाटक लिहिलंत, ते बरोबरच आहे. ॲपनं फक्त हे दोन रकाने ताडून बघितले आणि सहाही एकच ठरवले. गायकाचा रकाना बघितलाच नाही. म्युझिकब्रेन्झ नावाचा संगीताच्या माहितीचा खुला साठा आहे, तिथं ‘कृती’ आणि ‘ध्वनिमुद्रण’ या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या ठेवतात. ‘शारदा’ लिहिणाऱ्या देवलांचं पद ही कृती. ते कुणी, कधी, कुठं गायलं ते प्रत्येक वेगळं ध्वनिमुद्रण. आपल्या ॲपला हा फरक शिकवायला हवा, आणि ते मागायला आपल्यासारखेच हवेत.

उपाय म्हणाल तर गायक, नाट्यपदाचा कवी, चाल देणारा, हे सगळं फायलीच्या आतच लिहून ठेवा. एमपी३ फायलीच्या टॅगमध्ये, म्हणजे फायलीतच असलेल्या माहितीच्या चिठ्ठीत, गायकाला, संगीतकाराला, गीतकाराला वेगवेगळी जागा असते. शेरा लिहायलाही असते. फायलीत लिहिलेलं ॲप बदललं तरी तुमच्याबरोबर येतं. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा मोफत प्रोग्रॅम यासाठी चांगला. या टॅगच्या पद्धतीला आयडी३ म्हणतात, तिची दुसरी आवृत्ती, म्हणजे २.३ किंवा २.४ ठेवा. पहिल्या आवृत्तीत नावाला ३० बाइटच जागा, त्यात मराठी नाव अर्ध्यावर तुटतं.

एक गोष्ट मात्र प्रेमानं सांगतो, रागावू नका. ‘शारदा’ १८९९ चं हे नाटकाचं साल. तुमच्या फायलीचं नव्हे. हिंदुस्थानात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं तेच १९०२ ला, कलकत्त्यात, गौहर जान त्यात होत्या. त्यामुळे एखाद्या आवाजापुढे १८९९ लिहिलं तर उद्या कुणी तरुण पोरगा ते खरं धरेल. नाटकाचं साल ‘मूळ वर्ष’ या रकान्यात घाला, आणि ‘वर्ष’ मध्ये अण्णांनी टेप केलं ते साल. माहीत नसेल तर रिकामं ठेवा.

सदाशिव पेठेतून सातारा, गुरुवार सकाळी

भोपळेबुवांनी मुळाचं सांगितलं, मी टिपणांचं सांगतो.

ॲप अपडेट होताना जुन्या डेटाबेसची एक प्रत बाजूला ठेवतं. मी स्वतः दोनदा त्यावरून परत आलो आहे. ॲपच्या डेटा फोल्डरमध्ये ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर बघा, आत तारखेच्या नावाची फाइल असेल. मंगळवारची असली तर तुमची टिपणं त्यात आहेत. ती थेट उघडू नका. आधी पेनड्राईव्हवर दोन प्रती काढा, एक घराबाहेर ठेवा. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको, पण तरी सांगतो. मग दुसऱ्या लॅपटॉपवर ॲपची जुनी आवृत्ती घालून त्यात ती फाइल उघडा, आणि सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये, म्हणजे कुठल्याही तक्त्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या साध्या फायलीत, एक्सपोर्ट करा. एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी विचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका, डेटा बिघडलेला नसतो. फाइल दोनदा टिचकी मारून न उघडता ‘डेटा’ मेन्यूतून आत घ्या आणि अक्षरांची पद्धत विचारली की युटीएफ-८ निवडा.

‘कऱ्हाड’चं गुपितही सांगतो, मला त्यानं दोन वर्षं छळलंय. आपला अर्धा ऱ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका कीबोर्डवर तो ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलन्त करतात (पाय मोडतात), दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. तुम्ही चार कॅसेटी लॅपटॉपवर लिहिल्या असतील आणि सात मोबाइलवर. आता ॲप शोधण्याआधी दोन्हींचं एक रूप करतं. ‘ॲ’ चं अजून राहिलंय. ‘ॲ’ हे एक अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचे लोक ‘अ’ वर चंद्र द्यायचे, आणि ते अजून वेगळं धरलं जातं. ‘ॲक्ट’ शोधून बघा. आणि ‘ळ’ चा क्रम! आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हच्या नंतर, इथं अजून ‘ल’ ला चिकटून येतो. ‘काळ’ हे ‘काहूर’च्या खाली हवं. मी तीनदा लिहून कळवलंय, चौथ्यांदाही कळवीन.

आटपाडीची वाचनालयवाली, गुरुवार दुपारी

मला गाण्यातलं कळत नाही, पण आमच्या वाचनालयात पुस्तकांचं असंच झालं होतं. एकाच पुस्तकाच्या तीन आवृत्त्या एक करून टाकल्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीला स्वतःचा दाखल क्रमांक देते आणि तो नावाच्या पुढेच लिहिते. ताई, कॅसेटीवर क्रमांक आहे का? ‘१०४ ब’ असं कॅसेट आणि बाजू नावातच लिहिलंत तर कुठलंही ॲप दोन नोंदी एक करणार नाही.

गावभागची लेक (सांगली), रविवार रात्री

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, आज सवड मिळाली.

बॅकअपची फाइल मिळाली. मंगळवारची नाही, आधीच्या शनिवारची, पण तेवढी पुरली. पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपवर साताऱ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे उघडली. टिपणं जशीच्या तशी आली. ते पावसाचं सुद्धा. सीएसव्ही काढली, छापूनही घेतली, ६२ पानं झाली. अण्णांनी ती पानं हातात घेतली आणि म्हणाले, ‘वही झाली की.’ उद्या हरभट रोडवर बांधून आणते.

रविवार ते मंगळवार लिहिलेल्या पाच नोंदी गेल्या. त्यातल्या चार काल रात्री परत ऐकून लिहिल्या. मिरजेच्या दादांचं सालाचं म्हणणं अण्णांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले बरोबर आहे, माझ्याच वहीत मी दोन रकाने केले होते, एक नाटकाचा आणि एक टेपचा. मी एकच ठेवला होता. आता दोन केले. वाचनालयाच्या ताईंची क्रमांकाची युक्तीही लावली, कारण कॅसेटींवर अण्णांचे आकडे होतेच, शाईचे पुसले तरी कोरलेले दिसतात.

ॲप करणाऱ्यांना मी मराठीतच कळवलं. दुहेरी नोंद ठरवताना गायक आणि गाण्याची लांबी बघा, आणि एकत्र करण्याआधी विचारा. त्यांचं उत्तर आलं की पुढच्या दुरुस्तीत ‘विचारून एकत्र करा’ हा पर्याय येईल. तोवर ते सेटिंग बंदच ठेवा, नाट्यसंगीत असणाऱ्या सगळ्यांनी.

पाचवी नोंद राहिली आहे. कॅसेट ८७, अ बाजू. बाईंचा आवाज आहे, ‘सौभद्र’मधलं पद, मागं तंबोरा आणि कुठंतरी रेल्वेची शिट्टी. आधी अण्णांनी नाव सांगितलं होतं, मी लिहिलं होतं, आणि आता ना त्यांना आठवतंय ना मला. जागा मिरजेची आहे एवढं ते नक्की सांगतात, शिट्टीवरून. मिरजेचे दादा, पुढच्या रविवारी दुपारी दुकानात असाल तर अण्णांना घेऊन येते. पेनड्राईव्ह आणते, तुमच्याकडे वाजवायची सोय आहे ना?

मिरजेचा भोपळा, रविवार रात्री

आहे. स्पीकर मोठा लावतो. तीनला या, उन्हात येऊ नका अण्णांना घेऊन, चार वाजले तरी चालेल. माझी आई वय ७९, बसलेलीच असते, तिला मिरजेतल्या गाणाऱ्या बायका ठाऊक आहेत.