मदत हवी आहे: नोड ॲप सर्व्हरवर चढवलं, पण एचटीटीपीएस लावल्यापासून लॉगिन टिकत नाही

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

रिॲक्ट (फ्रंटएंड), नोडवर चालणारं एक्स्प्रेस (सर्व्हरचा कोड) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) असं ॲप उबुंटू २४.०४ च्या सर्व्हरवर चढवतेय. बाकी गाडी रुळावर आहे, फक्त लॉगिन अडलंय. अडलंय तेही अशा जागी की विनंतीच्या वेळी लॉगमध्ये अक्षर उमटत नाही.

मांडणी अशी: फ्रंटएंडचा बिल्ड एनजिनएक्स हा वेब सर्व्हर थेट देतो. एपीआयच्या विनंत्या तोच ३००० पोर्टवरच्या नोडकडे पाठवतो. नोड पीएम२ (ॲपच्या प्रोसेस चालू ठेवणारं साधन) खाली चालतो, एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र सर्टबॉटने लेट्स एन्क्रिप्टचं घेतलंय. दोन्ही भाग एकाच डोमेनवर आहेत. सेशनसाठी (कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवायला) एक्स्प्रेस-सेशन, आणि प्रॉडक्शनमध्ये कुकीचं 'सिक्युअर' ट्रू, म्हणजे ती फक्त एचटीटीपीएसवरूनच जाते.

लक्षण: पासवर्ड बरोबर दिला की लॉगिनच्या विनंतीला २०० (यशस्वी) येतो, युजरचं नावही परत येतं. लगेच पुढची 'मी कोण' ही विनंती ४०१ (लॉगिन नाही) देते. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहिलं तर लॉगिनच्या उत्तरात कुकी देणारा सेट-कुकी हेडरच नाही. लॅपटॉपवर हाच कोड मुकाट चालतो.

एक्स्प्रेसमध्ये 'ट्रस्ट प्रॉक्सी' १ केलेलं आहे, म्हणजे पुढच्या एका मध्यस्थावर (इथे एनजिनएक्सवर) विश्वास. एनजिनएक्समध्ये मूळ विनंती एचटीटीपीएसवरून आली का ते सांगणारा एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडरही लावलेला आहे. शोधलं की सगळीकडे हेच दोन उपाय सापडतात आणि ते दोन्ही करून झालेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अवांतर: बिल्ड आधी होम डिरेक्टरीत होता तेव्हा प्रत्येक पानाला ५०० (सर्व्हरची एरर) येत होता. एरर लॉगमध्ये '१३: परमिशन डिनाइड' होतं. उबुंटूत २१.०४ पासून नव्या युजरच्या होमला ७५० परवानगी (मालक आणि त्याचा गट सोडून इतरांना प्रवेश नाही) असते, त्यामुळे एनजिनएक्सला आत डोकावताच येत नाही. बिल्ड व्हारखालच्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरमध्ये हलवल्यावर ते मिटलं. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.

कोपऱ्यातला_कर्सर

सिक्युअर फॉल्स करा, चालू होईल.

रात्रपाळी

चालू होईल हो, पण मग तीच कुकी साध्या एचटीटीपीवरूनही जाईल. एचटीटीपीएस लावलं कशासाठी मग?

धागाकर्तीसाठी: सेट-कुकी गायब असणं हाच मोठा धागादोरा आहे. कुकी आली असती आणि ब्राउझरने नाकारली असती, तर सेमसाइट, डोमेन, कॉर्स वगैरे ब्राउझरचे नियम चाळत बसावं लागलं असतं. ते सगळं सोडून द्या. इथे सर्व्हरच कुकी देत नाहीये. एक्स्प्रेस-सेशनचा स्वभाव असा की सिक्युअर ट्रू असेल आणि विनंती एचटीटीपीएसवरून आली याची त्याला खात्री नसेल, तर ते कुकी लावत नाही. एरर नाही, इशारा नाही. 'डीबग' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'एक्स्प्रेस-सेशन' असा ठेवून ॲप चालवा, 'नॉट सिक्युअर्ड' अशी ओळ दिसेल. पीएम२ मधून करत असाल तर रीस्टार्टला अपडेट-एन्व्ह हा पर्याय जोडा, नाहीतर नवा व्हेरिएबल ॲपपर्यंत पोचत नाही.

मग दोष कुठल्या बाजूला ते बघा. सर्व्हरवर लॉगिन करून एनजिनएक्सला बगल द्या: कर्ल या कमांडने थेट १२७.०.०.१ च्या (त्याच मशीनच्या) ३००० पोर्टवर लॉगिनची विनंती पाठवा आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोमध्ये 'एचटीटीपीएस' हे मूल्य स्वतः घाला. कुकी आली तर ॲप निर्दोष.

धागाकर्ती

'नॉट सिक्युअर्ड' दिसलं! आणि कर्लने थेट विनंती पाठवल्यावर सेट-कुकी आली. म्हणजे एनजिनएक्सकडून हेडर पोचत नाहीये. पण तो लावलाय, डोळ्यांसमोर दिसतोय. सर्व्हर ब्लॉकमध्ये प्रॉक्सी-सेट-हेडरच्या दोन ओळी आहेत, एक एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोची आणि एक (मूळ आयपी पत्ता सांगणाऱ्या) एक्स-फॉरवर्डेड-फॉरची. त्याखाली एपीआयचा लोकेशन ब्लॉक, त्यात प्रॉक्सी-पास आणि होस्टसाठी एक प्रॉक्सी-सेट-हेडर. एवढंच. कॉन्फिगची चाचणीही 'ओके' म्हणते.

जुना_सिसॲडमिन

त्या 'एवढंच'मध्येच सगळं आहे.

एनजिनएक्समध्ये प्रॉक्सी-सेट-हेडर वरच्या पातळीवरून खाली येतो, पण एका अटीवर: खालच्या पातळीवर त्याच नावाची एकही ओळ नसली पाहिजे. तुमच्या लोकेशनमध्ये होस्टची एक ओळ आहे, त्यामुळे सर्व्हर ब्लॉकमधल्या दोन्ही ओळी त्या लोकेशनपुरत्या रद्द झाल्या. वरच्या आणि खालच्या ओळींची बेरीज होत नाही. व्याकरण चूक नसल्याने चाचणीत काही सापडत नाही.

होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो या तिन्ही ओळी लोकेशनमध्ये एकत्र ठेवा. पुढे लोकेशन वाढले तर त्या तीन ओळींची वेगळी फाइल करून प्रत्येक ठिकाणी इन्क्लूड करा. प्रोटोचं मूल्य 'स्कीम' या व्हेरिएबलवर ठेवा, हाताने एचटीटीपीएस लिहू नका. सर्टबॉट ४४३ चा ब्लॉक आणि पुनर्निर्देशन लिहून देतो, पण हे हेडर त्याच्या कामात येत नाहीत, ते आपणच बघायचे. नंतर चाचणी आणि रीलोड. रीस्टार्टची गरज नाही.

उत्तराला हेडर जोडणाऱ्या ॲड-हेडर या सूचनेलाही हाच नियम लागू होतो. सुरक्षेचे हेडर सर्व्हर ब्लॉकमध्ये टाकून निर्धास्त झालेली मंडळी मी पाहिली आहेत. कुठल्या तरी लोकेशनमध्ये कॅशेचा एक ॲड-हेडर असतो आणि तिथे बाकीचे सगळे गायब.

धागाकर्ती

लागलं! सेट-कुकी येतेय, लॉगिन होतंय. मनापासून आभार.

पण आता वेगळंच. पान रिफ्रेश केलं की कधी लॉगिन दिसतं, कधी ४०१. पुन्हा रिफ्रेश केलं की परत आत. कुकी तीच आहे, तपासली. सेशनची मुदतही संपलेली नाही.

रात्रपाळी

पीएम२ क्लस्टर मोडमध्ये (एकाच ॲपच्या अनेक प्रोसेस) आहे का? आणि सेशन कुठे साठवताय?

धागाकर्ती

हो, इन्स्टन्सेस 'मॅक्स'. सर्व्हरला दोन कोर आहेत, म्हणून दोन प्रोसेस. सेशनसाठी वेगळं काही दिलेलं नाही.

रात्रपाळी

मग सेशन मेमरीस्टोअरमध्ये आहेत, म्हणजे ज्या प्रोसेसने लॉगिन घेतलं तिच्याच स्मरणात. लिनक्सवर नोडचं क्लस्टर नवी जोडणी पाळीपाळीने वाटतं. विनंती पहिल्या प्रोसेसकडे गेली तर ओळख पटते, दुसरीकडे गेली तर ती विचारते, कोण तुम्ही? पीएम२ चा एरर लॉग अगदी सुरुवातीपासून वाचा. मेमरीस्टोअर प्रॉडक्शनसाठी नाही, एका प्रोसेसपलीकडे चालत नाही, असा इशारा ॲप सुरू होतानाच छापलेला असेल. नंतरच्या ओळींखाली तो दडून जातो.

खात्री करायची तर तात्पुरती एकच प्रोसेस चालवा, लपंडाव थांबेल. पण एकाच प्रोसेसवर राहणं हा उपाय नव्हे, कारण प्रत्येक डिप्लॉयला ती पुन्हा सुरू होणार आणि सगळे युजर बाहेर फेकले जाणार. पोस्टग्रेस आहेच, तर सेशन त्यातच ठेवणारं कनेक्ट-पीजी-सिंपल हे पॅकेज घ्या. फक्त सेशनसाठी रेडिस (आणखी एक डेटा साठवणारा सर्व्हर) उभा करून त्याची देखभाल ओढवून घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

जुना_सिसॲडमिन

रेडिसबद्दल सहमत.

आणखी एक. ट्रस्ट प्रॉक्सी १ ठेवलंय ते चांगलं, ते ट्रू करू नका. ट्रू केल्यावर एक्स्प्रेस एक्स-फॉरवर्डेड-फॉरमधला सर्वात डावा पत्ता खरा मानतं आणि तो कुणीही बनवून पाठवू शकतो. लॉगिनच्या प्रयत्नांवर आयपीनुसार मर्यादा असेल तर तिचा मग काही उपयोग नाही. त्याचबरोबर ॲप ऐकतंय कुठे तेही बघा. लिसनला फक्त ३००० दिलं तर नोड सर्व इंटरफेसवर ऐकतो, आणि फायरवॉल उघडी असेल तर बाहेरचा माणूस एनजिनएक्सला वळसा घालून थेट येईल, हवे ते हेडर घेऊन. पोर्टसोबत १२७.०.०.१ द्या.

धागाकर्ती

एका प्रोसेसवर लपंडाव थांबला, म्हणजे निदान पक्कं. लिसनचा पत्ताही बदलला. कनेक्ट-पीजी-सिंपल बसवलं, पण आता 'सेशन' नावाचं रिलेशन अस्तित्वात नाही, अशी एरर येते. हे टेबल हाताने बनवायचं का? आणि मुदत संपलेली सेशन साफ करायला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लिहावा लागेल का?

रात्रपाळी

पॅकेजच्या फोल्डरमध्येच टेबलची एसक्यूएल फाइल आहे, ती एकदा चालवा. 'टेबल नसेल तर बनव' असा पर्यायही त्यात आहे, पण मग ॲपच्या डेटाबेस युजरला टेबल बनवायचा अधिकार द्यावा लागतो. मी फाइलच चालवतो. क्रॉन नको, मुदत संपलेल्या नोंदी ते स्वतःच ठरावीक वेळाने काढतं. झालं की पीएम२ पुन्हा 'मॅक्स'वर न्या, आणि पीएम२ चे स्टार्टअप आणि सेव्ह हे दोन्ही आदेश दिलेत ना ते बघा, नाहीतर सर्व्हर रीबूट झाल्यावर ५०२ (मागचं ॲपच बंद असल्याची एरर) घेऊन परत याल.